चार्जरवरचे दोन ठिपके

मंडळी, बसून घ्या. मागं दारात उभे आहेत त्यांनी पुढं या, खुर्च्या रिकाम्या आहेत. पहिल्या रांगेत बसायचं नाही ही आपल्याला शाळेत लागलेली सवय. ती शोकसभेतही सुटत नाही.

मला बोलायला सांगितलं, कारण मी वार्ताहर. ज्याला लिहिता येतं त्याला बोलताही येतं, असा लोकांचा समज असतो. मामांचा नव्हता. मी दुकानात जाऊन बोलायला लागलो की ते हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, "पंडित, तुझा डिस्चार्ज लई हाय. जरा चार्जिंगवर बस." मग मी बाकावर बसायचो. गप्प. तोच बाक, ज्यावर गेल्या मंगळवारी दुपारी, जेवण करून बसल्याबसल्या, उत्तममामा गेले.

आज बोलणं अवघड आहे. त्यापेक्षा अवघड हे, की मला थांबवायला कुणी नाही.

इथं बरेच जण एकमेकांना ओळखत नसतील. कुणी रिक्षावाले आहेत, कुणी वाळूजच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेले, कुणी इथलेच, फ्लॅटमधले, ज्यांचा इन्व्हर्टर मामांच्या भरवशावर चालायचा. आणि ती खांबाजवळ खाली बसलेली, खुर्ची नको म्हणणारी बाई, त्या हौसाबाई. त्या नाथसागर धरणाच्या काठावरून आल्यात. हौसाबाईंची नाव आहे. म्हणजे होडी. आपल्या शहराला समुद्र नाही, आणि नदी म्हणाल तर ती नावापुरती. अशा शहरात, पुंडलिकनगरच्या एका गल्लीत, जिम आणि मोबाईलच्या दुकानाच्या मधल्या दहा फुटांत बसून हा माणूस पाण्यावरच्या नावेच्या बॅटऱ्या सांभाळत होता. मामांनी दुकान टाकलं तेव्हा समोर ज्वारी होती म्हणे. शहर वाढत वाढत त्यांच्या अंगावरून पुढं निघून गेलं. मामा जागचे हलले नाहीत. बॅटरी हलवली की आतलं हिंदळतं, म्हणायचे.

माझी त्यांची ओळख माझ्या अज्ञानातून झाली. बहुतेक चांगल्या ओळखी अशाच होतात. माझी स्कूटर सुरू होईना. ढकलत दुकानात नेली. मामांनी विचारलं, "कवा भरली होती?"

मी म्हणालो, "गाडी चालते तेव्हा आपोआप भरते ना?"

"माणूस चालतो तवा आपोआप जेवतो व्हय?"

नऊ वर्षं पाठशाळेत संस्कृत शिकलो, वादविवादात बक्षिसं घेतली. हा प्रश्न तिथं कुणी विचारला नव्हता. माझी मुसाफिरी घर ते ऑफिस, ऑफिस ते चहाचा गाडा. तेवढ्यात बॅटरीचं पोट भरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या महिन्यात घरची इन्व्हर्टरची बॅटरी नेली. त्यांनी झाकण उघडलं, विजेरीनं आत पाहिलं. मग विचारलं, "आत काय घातलंस?"

"पाणी."

"कुठलं?"

"टँकरचं. पण गाळून घातलं, मामा."

त्यांनी मला वाकायला लावलं, आतल्या पांढऱ्या पडलेल्या प्लेटा दाखवल्या, आणि शांतपणे म्हणाले, "पंडित, तू पितोस तेच तिला पाजलंस. तू वाचलास. ती नाय वाचली."

दुष्काळाचं वर्ष होतं ते. तुम्हाला सगळ्यांना आठवतंय. आठवड्यातून एकदा नळ, तोही पहाटे का दुपारी ते देवालाही ठाऊक नसायचं. घरोघर निळ्या टाक्या. आणि मामांच्या दुकानात मात्र एका कोपऱ्यात डिस्टिल्ड पाण्याचे कॅन रांगेनं, झाकून ठेवलेले. एकदा मी तहानलेला होतो, कॅनकडं हात गेला. मामी आतून ओरडल्या, "भाऊ, ते तुमचं नाय, बॅटरीचं हाय!" मामी, आठवतं ना? त्या घरात माणसांना मोजून पाणी होतं आणि बॅटरीला न चुकता होतं.

त्याच वर्षी हौसाबाई आल्या.

हौसाबाई, तुमच्याबद्दल बोलतोय, रागावू नका. यांचं घर मेंढपाळाचं. धरण झालं तेव्हा चरायची रानं पाण्याखाली गेली. मग यांच्या घरातल्या माणसांनी पाण्यावरच पोट भरायचं ठरवलं, नाव घेतली. पुढं ती बॅटरीवर केली. खाली सहा बॅटऱ्या, मागं छोटी मोटर, आवाज नाही. कारण हिवाळ्यात तिथं लांबलांबून पक्षी येतात आणि ते बघायला माणसं येतात, आणि इंजिनाचा फटफटाट झाला की पक्षी उडतात, पाठोपाठ माणसंही. त्या वर्षी पाणी इतकं मागं गेलं, की नाव चिखलात, आणि पुढं वाळलेल्या भेगांत बसली. हौसाबाईंनी सहाही बॅटऱ्या टेम्पोत घालून शहरात आणल्या. कुणीतरी सांगितलं होतं, ठेवून सडतील, भंगारात दे.

मी बाकावर होतो. मामांनी काचेची नळी घेतली, बॅटरीच्या एकेका घरातलं, म्हणजे कप्प्यातलं, आम्ल ओढलं, आतली काडी किती तरंगते ते पाहिलं. सहाही बॅटऱ्या, सगळी घरं. अर्धा तास. हौसाबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. शेवटी मामा म्हणाले, "मेल्या नायत. उपाशी हायेत."

मग चौकशी सुरू झाली. हौसाबाई अभिमानानं म्हणाल्या, "मी कवाच अर्धी असताना भरत नाय, मामा. पार संपवून, नाव थांबली की मगच भरते. ताटात टाकायचं नाय, तसं."

त्यांच्या गावात सगळे तसंच करत होते. अर्ध्यावर भरली की बॅटरीला सवय लागते, असं कुणीतरी मोबाईलवरून शिकून आलं होतं.

मामा चिडले नाहीत. त्यांनी विचारलं, "मेंढी दमली तर माघारी आनतीस, का पडंस्तवर चालवतीस?"

"माघारी आनते."

"काहून?"

"पडली की उठत नाय."

"मग?"

मंडळी, एवढाच "मग?" मी अनेक आचार्यांकडं शिकलो. एका "मग?"मध्ये एवढं शिकवणारा दुसरा पाहिला नाही.

त्या दुपारी मामांनी हौसाबाईंना जे सांगितलं ते मी नंतर शंभर वेळा ऐकलं. तुम्हीही ऐकलं असेल. अर्धी उतरली की घरी आणायची. आणली की त्याच दिवशी भरायला लावायची, उद्यावर नाही, कारण उतरलेली बॅटरी ठेवली की प्लेटांवर पांढरं बसतं आणि ते दगडासारखं घट्ट होतं. भरायची ती हळू, शंभर अँपिअर-तासांची असेल तर दहा अँपिअरच्या करंटनं, दहावा हिस्सा. बुडबुडे दिसायला लागले म्हणून काढायची नाही. "उकळी आली म्हंजी भात शिजला व्हय?" पाणी घालायचं ते भरून झाल्यावर, आधी काठोकाठ घातलं तर भरताना उतू जातं, आणि उतू जातं ते नुसतं पाणी नसतं. प्लेट उघडी पडली असेल तर तेवढी बुडेल इतकंच आधी घालायचं. आणि नाव उभी राहणार असेल तर वायर काढून, पूर्ण भरून, सावलीत. दर महिन्याला पुन्हा एकदा भरायची, वापर असो नसो.

"दर महिन्याला?" हौसाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं लाईट कुठं धड असती? आन पानी कवा येनार, कुनाला ठावं?"

मामा म्हणाले, "पान्याचं मला ठावं नाय. पन पानी येईल तवा नाव तयार पायजे. पानी आलं आन बॅटरी बसलेली, असं झालं तर दुष्काळ कुनाचा म्हनायचा?"

आणि त्यांनी सहाही बॅटऱ्या दुकानात ठेवून घेतल्या. शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलं: एक तारीख, हौसाबाई.

आता त्या शब्दाची गोष्ट. ती सांगितली नाही तर मामा मला सोडणार नाहीत.

शहर वाढलं तशी माणसांची घाई वाढली. जो तो येऊन म्हणणार, मामा, जरा करंट वाढवा, तासाभरात द्या, मला जायचंय. मामा म्हणायचे, सबर करा. पण "सबर" हा शब्द आपल्याकडं एवढा वापरून झालाय की त्यातला सबर संपलाय. एक दिवस मला म्हणाले, "पंडित, तुझ्या संस्कृतातला एखांदा जड शब्द दे. चार्जरवर लिवतो. म्हंजी लोक दबतील."

मी कागदावर लिहून दिलं: शनैः. म्हणजे हळूहळू, सावकाश. मी खूश. मामा खूश. कागद कोपऱ्यावरच्या पेंटरकडं गेला, जो गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवतो. माझं अक्षर वाईट आणि त्याची श्रद्धा चांगली. त्याला वाटलं, पंडितानं घाईत चूक केलीय. त्यानं ती सुधारली. लाल रंगात, ठसठशीत लिहिलं: शनि.

पहिल्या शनिवारी वाळूजचा एक कामगार शिफ्टच्या बसमधून उतरून बॅटरी न्यायला आला, चार्जर पाहिला, चप्पल बाहेर काढली आणि हात जोडले. दुसऱ्या शनिवारी कुणीतरी लिंबू-मिरची बांधून गेलं. तिसऱ्या शनिवारी मला फोन आला. "पंडित, ये. तुझा देव बग."

गेलो. चार्जरवर तेल ओतलेलं होतं. वाटीभर. तेल झिरपून आत गेलेलं, जळका वास सुटलेला, आणि मामा चिंधीनं पुसत बसलेले. मला म्हणाले, "माझ्या आज्यानं दीक्षा घेतली तवा घरातले समदे देव गोदेला सोडून आला. आन तू माझ्या दुकानात नवा बसवलास व्हय रे?"

मीही एक चिंधी घेतली. दोघं पुसत राहिलो. मग हळूच म्हणाले, "पन एक सांगू? तीन शनवार कुनी घाई नाय केली."

नंतर त्यांनी स्वतः ब्रश घेतला. चाकूनं ती वेलांटी खरवडली, 'न'वर दोन मात्रा दिल्या आणि मला विचारलं, "हे म्होरचे दोन ठिपके काय हायेत? लागतातच का?"

"लागतात. त्याला विसर्ग म्हणतात."

ब्रश तसाच धरून ते म्हणाले, "धरनातनं सोडतात तो?"

"शब्द तोच."

"म्हंजी डिस्चार्ज."

मंडळी, मी वीस वर्षं बातमी लिहितोय: धरणातून इतक्या क्युसेकनं विसर्ग सुरू. त्याआधी नऊ वर्षं शब्दांच्या शेवटी विसर्ग लावले. हे दोन विसर्ग एकच आहेत, सोडणं, मोकळं करणं, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. आठवी शिकलेल्या माणसाला एका क्षणात दिसलं. आणि पुढं काय म्हणाले? "मग बराबर हाय. आदी हळूहळू, मग विसर्ग. तुझ्या लोकांना बॅटरी ठाऊक व्हती."

त्यांनी ते दोन ठिपके काढले. वरचा लाल, खालचा काळा. प्लस आणि मायनस. आजही तसेच आहेत.

तर त्या चार्जरवर, त्या शब्दाखाली, हौसाबाईंच्या सहा बॅटऱ्या दोन उन्हाळे जगल्या. दर एक तारखेला. एक भरून झाली की दुसरी. मामा करंट लावायचे, मामी पाणी बघायच्या. अनेकांनी सांगितलं, मामा, कशाला? धरणात खडक दिसायला लागलेत. मामा म्हणायचे, "धरन त्याचं बगंल. आपलं आपन बगू."

दुसऱ्या वर्षी परतीच्या पावसात धरण भरलं. मी विसर्गाची बातमी दिली, आणि दुसऱ्या दिवशी हौसाबाईंचा निरोप आला, मामांना घेऊन या. मामा, मामी, मी. सहा बॅटऱ्या टेम्पोत, मामा त्यांच्या शेजारी, लहान लेकराला धरावं तसे. मामांना पोहता येत नव्हतं, हे आम्हाला नावेत बसल्यावर कळलं. दोन्ही हातांनी काठ गच्च धरून बसले. हौसाबाईंनी बटण दाबलं. नाव निघाली. पुढं शंभरेक पक्षी पाण्यावर बसलेले. आम्ही जवळ गेलो. एकही उडाला नाही.

मामांनी डोळे मिटलेले. मला विचारलं, "आवाज येतो का काही?"

"नाही."

"मग बराबर हाय." आणि डोळे न उघडताच म्हणाले, "बॅटरी भरताना गुनगुन करती, देताना गप. मानसाचं उलटं."

त्या सहाही बॅटऱ्यांना आता सातवं वर्ष लागलंय. लोकांच्या तिसऱ्या वर्षी बसतात.

मंडळी, आता जे सांगणार आहे ते मला सांगायला जड जातंय, कारण त्यात मी मूर्ख ठरतो. पण मामांच्या सभेत मी मूर्ख ठरलो नाही तर सभा मामांची कशी?

यंदाही पाऊस रुसला. नाव पुन्हा चिखलात आहे. सहाही बॅटऱ्या उन्हाळ्याआधीपासून मामांच्या दुकानात आहेत. मामा मंगळवारी गेले. शटर खाली आलं. आणि परवा एक तारीख होती.

परवा दुपारी मी इथून जात होतो. हौसाबाई बंद शटरसमोर उभ्या होत्या. शटरवर हात ठेवून. मी विचारलं, "भेटायला आलात? घर मागच्या गल्लीत आहे." म्हणाल्या, "घरी जाऊन आले. मामीला भेटले. रडले." मग? "मग काय, पंडित. आज एक तारीख. दुखाच्या घरी बॅटऱ्या कशा मागू?"

म्हणाल्या, नाव तशीच गेली तर जाऊ दे. पण डोळे शटरवर. पुढच्या हिवाळ्यात पक्षी येतील, माणसं येतील. त्या वेळी नाव चालली नाही तर त्या घरानं तिसऱ्यांदा काय धरायचं? मेंढरं गेली, रानं गेली. आता पाणी येतं-जातं, आणि त्या येण्या-जाण्याच्या मधे फक्त या सहा बॅटऱ्या आहेत.

मी काय केलं असेल? मी मामींकडं गेलो आणि शहाणपणानं म्हणालो, "मामी, हौसाबाईंना सांगतो, काही दिवस थांबा म्हणून. आत्ता अशौच आहे, दुकान उघडणं बरं दिसणार नाही." नऊ वर्षांची पाठशाळा बोलत होती.

मामींनी माझ्याकडं पाहिलं. मामा गेल्यापासून त्या बोलल्या नव्हत्या फारशा. म्हणाल्या, "भाऊ, ते तुमच्यात असंल. आमच्यात नाय. आन असलं तरी बॅटरीला लागत नाय."

मी गप्प बसलो. बाक नव्हता, उभाच गप्प.

काल दिवसभर मामांच्या घरी पाहुणे होते. आज सकाळी सभेसाठी मी लवकर आलो. गल्लीत शिरलो तर शटर अर्धं वर. आत मामी. पदर खोचलेला, चष्मा नाकावर, हातात काचेची नळी. पहिली बॅटरी चार्जरला लागलेली. काटा दहावर. मला वाटलं वाढवावा थोडा, दोन दिवस उशीर झालाच आहे, सहा बॅटऱ्या आहेत, रात्री लाईट जाईल. तसं म्हणालोही. मामींनी चार्जरवरच्या शब्दाकडं बोट दाखवलं.

शटरच्या आत, खडूनं लिहिलेल्या ओळीखाली, आज नवीन ओळ आहे. अक्षर मामींचं. एक तारीख, हौसाबाई. तीन तारखेला लावली. चुकलं.

मामी, चुकलं नाही. पण तुम्ही लिहिलंत, हे बरोबर केलंत. मामांनीही लिहिलं असतं.

हौसाबाई, ऐकलंत ना? आता खुर्चीवर बसा.

मामा, मी आज बराच डिस्चार्ज झालो. आता मला भरायला कुठं बसवणार, हे तुम्ही सांगून गेला नाहीत. बाक आहे, बाकावर बसेन. मामी हाकलतील तेव्हा उठेन.

मंडळी, उभे राहू या. दोन मिनिटं शांत. घड्याळ बघू नका. दोनाची तीन झाली तरी चालतील, या माणसासाठी घाई नको. हॉलचे पंखे बंद करा कुणीतरी. दार उघडं ठेवा. दुकान इथून तिसरं आहे. आपण सगळे नीट गप्प राहिलो, तर ती गुणगुण इथवर ऐकू येईल.

शनैः.